विश्लेषण : लम्पी दर पावसाळ्यात परत का येतो?

दमदार पाऊस झाला, गोठ्याभोवती चिखल आणि उकिरडा ओला राहू लागला, की काही आठवड्यांत कुठल्या तरी तालुक्यातून बातमी येते : जनावरांच्या अंगावर गाठी. मग पशुसंवर्धन विभागाची पथके निघतात, आठवडी जनावर बाजार बंद होतात, पोळा घरच्या घरी करा असे आवाहन होते. दिवाळीनंतर थंडी पडते, माश्या कमी होतात, बातम्याही कमी होतात. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. २०२२ मध्ये हा रोग आला तेव्हा ती आपत्ती होती, कारण तयारीला वेळच मिळाला नव्हता. आता ते कारण देता येत नाही. लम्पी हा आता पाहुणा राहिलेला नाही, तो मुक्कामाला आला आहे. सरकारी यंत्रणा मात्र अजून त्याला पाहुण्यासारखेच वागवते : आला की धावपळ, गेला की विसर.

हा रोग आहे तरी काय?

लम्पी चर्मरोग हा विषाणूजन्य आजार आहे. माणसाला होणारा देवीचा रोग ज्या विषाणूकुळातला, त्याच कुळातला हा विषाणू. त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी. कुळ एक असले तरी लम्पी माणसाला होत नाही. शेळ्या-मेंढ्यांनाही तो आजवरच्या साथींत झालेला दिसला नाही. त्याचे मुख्य लक्ष्य गाय, बैल आणि वासरू. म्हशीला तो होऊ शकतो, पण गाईच्या मानाने फार कमी. एकाच गोठ्यात गाई फणफणलेल्या आणि शेजारची म्हैस निवांत रवंथ करते आहे, हे चित्र म्हणूनच दिसते.

या रोगाची पहिली नोंद १९२९ ची, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियातली, म्हणजे आजच्या झांबियातली. सुरुवातीला तो रोगच वाटला नाही. एखादी विषारी वनस्पती खाल्ल्याने किंवा कीटक चावल्याने जनावराच्या अंगावर गांधी उठतात, असा समज होता. १९४३ ते १९४५ दरम्यान तो बोत्स्वाना, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका असा पसरला, तेव्हा हा संसर्ग असल्याचे लक्षात आले. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या साथीत सुमारे ८० लाख जनावरे बाधित झाली. नंतरची चार दशके तो सहाराच्या दक्षिणेलाच राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस अशी त्याची वाट उत्तरेकडे सरकत गेली. २०१९ मध्ये बांगलादेश, चीन आणि भारत या तिन्ही ठिकाणी तो पोहोचला. भारतातली पहिली नोंद ऑगस्ट २०१९ ची, ओडिशातली.

महाराष्ट्रात २०२० मध्येच विदर्भात, गडचिरोलीच्या बाजूने, तो दिसला होता. पण त्या वर्षी लोकांचे सगळे लक्ष करोनाकडे होते आणि लम्पीने फारशी जनावरेही नेली नाहीत. दोन वर्षांनी मात्र चित्र बदलले. २०२२ च्या उन्हाळ्यात गुजरातच्या कच्छमधून साथ उसळली, राजस्थानात तिने कहर केला, पंजाब-हरियाणा व्यापले. महाराष्ट्रात ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याच्या चिनावल गावात पहिली नोंद झाली आणि दिवाळीपर्यंत राज्याचा बहुतेक भाग तिच्या कवेत आला. त्या एका वर्षात देशभरात दीड लाखाहून अधिक गोवंश दगावला. राजस्थानात मेलेली जनावरे गावाबाहेर टाकलेली दिसत होती, ती छायाचित्रे अनेकांना आठवत असतील.

त्याच सुमारास एक गमतीदार दावाही झाला. नामिबियातून आणलेल्या चित्त्यांमुळे लम्पी आला, असे एका राजकीय नेत्याने सांगितले. चित्ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी उतरले. लम्पी त्याआधी तीन वर्षे देशात होता.

जनावराला नेमके काय होते?

विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण चार दिवसांपासून दोन आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, लक्षणे दिसतात. आधी ताप, १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. जनावर चारा सोडते, दूध एकदम आटते. खांद्यापुढच्या आणि मांडीजवळच्या लसिका ग्रंथी सुजतात, त्या हाताला लागतात. दोन दिवसांत कातडीवर गोल, टणक गाठी उठतात. दोन ते पाच सेंटिमीटरच्या. मान, पाठ, कास, शेपटीखाली, कधी सगळ्या अंगावर. काही जनावरांच्या पायांना आणि पोळीला सूज येते, ती लंगडू लागतात. तोंडात आणि घशात फोड आले तर गिळता येत नाही. गाभण गाय गाभडू शकते, वळू काही काळ निकामी होतो.

लम्पीने जनावर मरतेच असे नाही. जगभरच्या अनुभवानुसार बाधित जनावरांपैकी साधारण १ ते ५ टक्के दगावतात. मग राजस्थानात इतकी का मेली? लागणच इतकी मोठी होती की कमी टक्क्यांचाही आकडा प्रचंड झाला. शिवाय मृत्यू अनेकदा थेट विषाणूने होत नाही. गाठी फुटतात, जखमा होतात, पावसाळी दिवसांत त्यांत अळ्या पडतात, फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, आणि न खाल्लेले जनावर खचते. उपासमारीचे, मोकाट किंवा आधीच अशक्त जनावर यात आधी जाते. लहान वासरांना धोका जास्त. जर्सी, होल्स्टीन यांसारख्या संकरित गाईंची कातडी पातळ, त्यांना हा आजार देशी गाईंपेक्षा जोरात होतो. पण ‘खिल्लारला लम्पी होत नाही’ हा समज चुकीचा आहे. देशी बैलही दगावले आहेत.

विषाणूवर थेट औषध नाही. उपचार लक्षणांवरच : ताप उतरवणे, जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके, जखमांची रोज सफाई, मऊ चारा आणि भरपूर पाणी. हे साधे वाटते, पण वेळेवर झाले तर बहुतेक जनावरे वाचतात. बरे झालेल्या गाईच्या कातडीवर वण राहतात आणि दूध पूर्वीइतके येईलच याची खात्री नसते.

माशी, डास की गोचीड?

तिन्ही. पण त्यांची कामे वेगवेगळी आहेत आणि हा फरक समजला तर फवारणी कुठे करायची तेही समजते.

सगळ्यात मोठी गुन्हेगार बहुधा गोठ्यातली चावरी माशी. दिसायला घरातल्या माशीसारखीच, पण तिचे तोंड सुईसारखे पुढे आलेले असते आणि तिच्यात नर-मादी दोघेही रक्त पितात. तिचा चावा दुखतो. म्हणून गाय पाय आपटते, शेपटी मारते, माशी उठते आणि अर्धवट राहिलेले जेवण शेजारच्या गाईवर जाऊन पुरे करते. तिच्या सोंडेला लागलेला विषाणू या दुसऱ्या गाईच्या कातडीत थेट टोचला जातो. माशीच्या पोटात विषाणूची वाढ व्हावी लागत नाही. मलेरियात डासाच्या शरीरात जंतू वाढतो, त्याला दिवस लागतात. इथे माशी म्हणजे एका जनावरावरून दुसऱ्यावर गेलेली, न उकळलेली सुई. गाठीतल्या कातडीत विषाणू रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून अंगभर गाठी असलेले एक जनावर गोठ्यात उभे असणे हाच सगळ्यात मोठा धोका.

डासांमध्ये एडिस जातीच्या डासांनी बाधित जनावराचे रक्त प्यायल्यानंतर दोन ते सहा दिवस ते विषाणू पुढे देऊ शकतात, असे प्रयोगात दिसले आहे. डेंगी पसरवणारा हाच डास, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. गोठ्यामागचा जुना टायर आणि झाकण नसलेली पाण्याची टाकी दोन्ही आजारांना उपयोगी पडते. गोचीड हळू चालते, पण तिच्यात विषाणू दीर्घकाळ टिकू शकतो. ती जनावराबरोबर प्रवास करते, त्यामुळे बाजारातून आणलेल्या गाईबरोबर ती फुकट येते.

चावरी माशी ओल्या शेणात आणि कुजक्या वैरणीत अंडी घालते. उकिरडा गोठ्याला लागून असला तर जनावरावर कितीही औषध मारले तरी पुढची पिढी आठवड्या-दोन आठवड्यांत तयार. महाराष्ट्रातल्या गावठाणात गोठे एकमेकांना चिकटून असतात. एकाने फवारणी केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर केलेल्याचे पैसे वाया. डासांसाठी गावात धूर फवारणी होते, गोठ्यांसाठी एकाच दिवशी सगळ्या गावाची फवारणी हे ग्रामपंचायतीचे काम मानले गेले पाहिजे. साथीच्या काळात अनेक गावांनी ते केलेही. पण साथ नसताना त्यासाठी पैसा कोण ठेवतो?

आणि थेट संपर्क? एकाच गव्हाणीत खाणे, लाळ, नाकातला स्राव यांतून लागण होऊ शकते, पण कीटकांच्या मानाने ती वाट लहान आहे. वळूच्या रेतातूनही विषाणू जाऊ शकतो, म्हणून साथीत गावठी वळू फिरवणे बंद ठेवायचे असते. आणखी एक वाट माणूस स्वतः तयार करतो : एकच सुई अनेक जनावरांना. लस टोचणाऱ्यानेच सुई बदलली नाही तर लसीकरणच रोग पसरवू शकते.

मग विषाणू दोनशे किलोमीटर जातो कसा?

माशी फार लांब उडत नाही. गावातल्या गावात आणि शेजारच्या वस्तीत साथ नेणे तिचे काम. तालुका, जिल्हा, राज्य ओलांडायचे तर विषाणूला टेम्पो लागतो.

बाजारात घेतलेली गाय घरी आली तेव्हा धडधाकट होती, आठव्या दिवशी तिला ताप आला, ही गोष्ट लम्पीच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येते. लागण झालेल्या सगळ्या जनावरांवर गाठी उठत नाहीत, हे त्याहून अवघड. म्हणूनच २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने सरकारला ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करण्याचा अधिकार दिला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण महाराष्ट्र असे क्षेत्र जाहीर झाले. बाजार, प्रदर्शने, शर्यती, जत्रा, जनावरांची वाहतूक यांवर बंदी आली. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाकडून परवानगी मिळून जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते, त्या पुन्हा थांबल्या.

बंदी गरजेची होती. पण बाजार बंद म्हणजे व्यवहार बंद, असे होत नाही. शेतकरी जनावर विकतो ते बहुतेक वेळा गरजेपोटी : पेरणीचे बियाणे, दवाखाना, मुलाची फी. बाजार दोन-तीन महिने बंद राहिला की व्यापारी रात्री दारात येतो, पडेल भावात जनावर उचलतो आणि ते कुठल्या गावी गेले याची नोंद कुठेच राहत नाही. उघड्या बाजारात निदान एक पशुवैद्यक उभा करता येतो. सरसकट राज्यभर आणि मुदत न सांगता बाजार बंद करण्यापेक्षा, बाधित तालुके बंद आणि बाकी ठिकाणी लसीकरणाचा दाखला पाहून व्यवहार, ही पद्धत जास्त टिकते. त्यासाठी जनावराची ओळख पटली पाहिजे. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला त्यासाठीच आहे. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, असा नियम झाला. नियम चांगला आहे. बाजाराच्या फाटकावर तो दर आठवड्याला कोण तपासतो, यावर त्याची किंमत ठरते.

महाराष्ट्रापुरता एक वेगळा प्रवास आहे, ज्याकडे देशपातळीवरच्या मार्गदर्शक सूचना क्वचितच पाहतात. पावसाळा संपता संपता बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोड मजूर बैलगाडी आणि बैलजोडीसह पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाच्या सीमाभागाकडे निघतात. शेकडो बैल एकेका साखर कारखान्याच्या तळावर महिनोन् महिने एकत्र बांधलेले असतात. भोवती उसाचे वाढे, ओलावा, शेण आणि माश्या. लम्पीला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. २०२२ च्या गाळप हंगामात निघण्याआधी बैलांचे लसीकरण झालेले हवे, अशी अट घातली गेली. हे योग्यच होते. पण ती अट पाळण्याचा भार मुकादमाकडून उचल घेऊन निघालेल्या मजुरावर पडला. बैल त्याचा, कर्ज त्याचे, आणि वाटेत बैल मेला तर बुडालेला हंगामही त्याचाच. ज्या कारखान्याला त्या बैलाच्या खांद्यावरून ऊस मिळतो, त्याने तळावर पशुवैद्यक, विलगीकरणाची जागा आणि फवारणी देणे हा गाळपाच्या खर्चाचा भाग असायला हवा.

लस आहे, मग अडते कुठे?

लस आहे आणि ती काम करते. भारतात आजवर मुख्यतः शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली, शेळीपेक्षा जास्त मात्रेत. विषाणू भाऊबंद असल्यामुळे ती लम्पीपासूनही बऱ्यापैकी संरक्षण देते. हे तत्त्व नवे नाही. गाईच्या देवीचा अंश टोचून माणसाला देवीपासून वाचवता येते, हे एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये दाखवले होते. लम्पीच्याच विषाणूपासून तयार केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साथीने विकसित केली. ऑगस्ट २०२२ मध्ये, साथ ऐन भरात असताना, ती जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेबरोबर ती महाराष्ट्रात तयार करण्याचा करार नागपुरात झाला. जाहीर झालेली लस आणि गोठ्यात पोहोचलेली लस यांत मात्र मोठे अंतर असते. लम्पीसाठीच्या खास देशी लसीला औषध नियंत्रकांचा विक्री परवाना मिळायला २०२५ उजाडले, तोही एका खासगी कंपनीच्या उत्पादनाला. मधली तीन वर्षे शेळीच्या लसीवरच निघाली.

विशाल लसीकरण काय करू शकते, याचे उदाहरण युरोपात आहे. २०१६ मध्ये बाल्कन देशांत ७,४८३ ठिकाणी लम्पीचा उद्रेक झाला. त्या देशांनी सीमा विसरून एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले. पुढच्या वर्षी उद्रेक ३८५ वर आले आणि त्यानंतर साथ विझली. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये थोडे काम केले नाही. राज्यातल्या सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशापैकी बहुतेकांना काही महिन्यांत मोफत लस टोचली गेली. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या दवाखान्यांतून, खासगी डॉक्टर आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे झाले, याचे श्रेय गावोगाव फिरणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकांना द्यायला हवे.

तरी २०२३ च्या पावसाळ्यात लम्पी परत आला. या वेळी वासरांत जास्त. त्याचे कारण गूढ नाही. २०२२ च्या मोहिमेनंतर जन्मलेल्या वासरांना लस मिळालेली नव्हती. लस टोचलेल्या गाईच्या चिकातून वासराला काही महिने संरक्षण मिळते आणि मग ते संपते. म्हणजे दर वर्षी राज्यात लाखो नवी, निराधार कातडी तयार होते. ‘आमच्या गावात शंभर टक्के लसीकरण झाले’ हा आकडा सहा महिन्यांनी खोटा ठरतो, कोणी खोटे बोलले नाही तरी.

दुसरी अडचण वेळेची. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. बाधित जनावर सापडल्यावर पाच किलोमीटरच्या परिघात लस टोचायची, ही पद्धत आगीभोवती चर खणण्यासारखी आहे, आणि ती करावीच लागते. पण माशी तीन आठवडे थांबत नाही. ऑगस्टमध्ये टोचलेल्या लसीचा उपयोग सप्टेंबरात होतो, तोवर पोळा होऊन गेलेला असतो. लस मे अखेरपर्यंत टोचून झाली पाहिजे. त्यासाठी खरेदीची निविदा दिवाळीच्या सुमारास निघायला हवी, म्हणजे लम्पी बातम्यांतून गेल्यानंतर लगेच. नेमक्या याच वेळी सगळ्यांचा उत्साह संपलेला असतो.

तिसरी अडचण शेतकऱ्याच्या गोठ्यातली. लस टोचल्यावर जनावराला एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडे घटते, कधी टोचल्या जागी गाठ येते. गाभण गाय असली तर मालक घाबरतो. रोगाची लागण आधीच झालेली असताना लस टोचली आणि आठवड्याने गाठी उठल्या, तर ‘लशीनेच लम्पी झाला’ ही बातमी संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असते. या भीतीला ‘अज्ञान’ म्हणून झटकणे सोपे आहे. चार गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला दोन लिटर दूध घटणेही मोठे असते. ते आधीच सांगितले तर तो लस नाकारत नाही. लपवले तर पुढच्या वर्षी नाकारतो.

विषाणूही एकच राहिलेला नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२ च्या साथीत दोन वेगळे प्रकार फिरत असल्याचे दिसले. एक २०१९ पासून देशात असलेल्या विषाणूशी जुळणारा, दुसरा २०१५ मध्ये रशियात सापडलेल्या विषाणूशी. त्यामुळे लस निकामी झाली असा अर्थ नाही. पण दर साथीत नमुने तपासत राहावे लागेल, एवढे नक्की.

बाधित जनावरे मारून टाकली तर?

युरोपचा मार्ग तोच आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर आणि पाठोपाठ फ्रान्समध्ये लम्पी पोहोचला. फ्रान्सने एक गाय बाधित आढळली तरी संपूर्ण कळप मारण्याचे धोरण ठेवले, सोबत भोवतालच्या भागात लसीकरण. वर्षअखेरीस तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. पिढ्यान् पिढ्या जोपासलेला कळप एका दिवसात संपवायला कोणाचाच हात धजत नाही, मग तो साव्होयचा असो की सांगोल्याचा.

महाराष्ट्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. ती योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने तिचा एक अर्थ स्पष्ट आहे. जिथे बाधित जनावर मारायचे नाही, तिथे ते आठवडेच्या आठवडे माश्यांना विषाणू पुरवत राहणार. गाठींच्या वाळलेल्या खपलीतही विषाणू महिनाभर तग धरू शकतो. तेव्हा असा निर्णय घेतलेल्या राज्याने लस, विलगीकरण आणि मोकाट जनावरांची व्यवस्था यांवर इतरांपेक्षा जास्त खर्च करायला हवा. मालक नसलेल्या, बिल्ला नसलेल्या, बाजारपेठेत फिरणाऱ्या गाईला लस टोचायला कोण धरणार, हे नगरपालिका आणि पशुसंवर्धन विभाग एकमेकांना विचारत राहतात. गोशाळेत शेकडो जनावरे दाटीने असतात. तिथे एक आजारी जनावर पुरेसे आहे.

भरपाई कोणाला आणि कशाची?

२०२२ मध्ये राज्य सरकारने लम्पीने दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक. ही मदत अनेकांना आधार ठरली. पण दुधात असलेल्या चांगल्या संकरित गाईची किंमत आज लाखाच्या घरात जाते, आणि बैलजोडीही काही कमी नाही.

त्याहून मोठी गोष्ट : मदत मेलेल्या जनावराची मिळते. बाधितांपैकी ९५ टक्के किंवा अधिक जनावरे जगतात आणि त्यांच्या नुकसानीचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही. समजा एक गाय दिवसाला १२ लिटर दूध देते. लम्पी झाल्यावर ते चार लिटरवर आले आणि दोन महिने तसेच राहिले. लिटरला ३० रुपये धरले तरी १४,४०० रुपये बुडाले. औषधे, डॉक्टरांची फी, गाभडलेली गाय आणि पुन्हा गाभ धरेपर्यंतचा भाकड काळ यांचा हिशेब वेगळा. दोन-तीन गाई असलेल्या घरात हे सगळे एकाच महिन्यात येते आणि त्याच महिन्यात पतसंस्थेचा हप्ताही असतो.

याचा थेट संबंध रोगनियंत्रणाशी आहे. कायद्याने मालकावर आजार कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. कळवले की त्याचे गाव बाधित जाहीर होते, बाजार बंद होतो, डेअरीवर लोक कुजबुजतात, शेजारी बोट दाखवतात. न कळवले तर बहुधा काहीच होत नाही. आजारी गाय मागच्या पडवीत बांधून गावठी औषध करणारा माणूस बेजबाबदार नसतो. त्याच्यापुढे व्यवस्थेने ठेवलेला हिशेबच तसा आहे. पहिल्या आठवड्यात कळवणाऱ्याला मोफत औषधोपचार आणि दूध घटल्याबद्दल थोडी का होईना मदत, एवढा बदल केला तरी कळवण्याचे प्रमाण वाढेल. साथ पंधरा दिवस आधी कळण्याचे मोल त्या खर्चाहून कितीतरी जास्त आहे.

विम्याचे नाव इथे नेहमी घेतले जाते. एक-दोन गाईंचा मालक विमा क्वचितच उतरवतो, आणि बिल्ला पडला की दावा अडतो, हा अनुभव गावोगाव ऐकू येतो.

दूध प्यावे का?

प्यावे, उकळून. लम्पी माणसाला होत नाही, दुधातून तर नाहीच. पाश्चरीकरणाने किंवा घरच्या उकळण्याने दूध सुरक्षित होते. आजारी गाईला प्रतिजैविके दिली असतील तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध विकू नये, हा नियम लम्पीपुरता नाही, कायमचा आहे. २०२२ मध्ये शहरांत अफवा पसरल्या आणि काही घरांनी दूधच बंद केले. गोठ्यात दूध घटलेले आणि शहरात गिऱ्हाईक घटलेले, असा दुहेरी मार उत्पादकाला बसला.

गोठ्यात आता काय करता येईल?

नवे जनावर आणले तर ते चार आठवडे वेगळे बांधावे. दुसरा गोठा नसेल तर निदान अंतर ठेवून, मच्छरदाणीखाली. तापलेले जनावर दिसताच गाठींची वाट न पाहता वेगळे करावे आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवावे. आजारी जनावराला चारा-पाणी शेवटी द्यावे, म्हणजे त्याच्याकडून निघालेला हात-पाय निरोगी जनावरांकडे जात नाही. उकिरडा गोठ्यापासून लांब न्यावा किंवा प्लॅस्टिकने झाकावा. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर डासांना दूर ठेवतो, माश्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. जखमांना हळद आणि कडुनिंबाचा लेप लावायला हरकत नाही, पण अळ्या पडल्या असतील तर डॉक्टरच हवा. दगावलेले जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. ओढ्यात टाकलेले किंवा कातडी काढून सोडलेले जनावर पुढच्या गावाला रोग देते.

लस टोचताना दर जनावरामागे नवी सुई आहे का, हे मालकाने विचारावे. डॉक्टरांना राग आला तरी विचारावे. चार महिन्यांवरची वासरे पहिल्या फेरीत सुटली असतील तर त्यांची नावे दवाखान्यात देऊन ठेवावीत.

बुळकांडी हा शब्द आता फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात राहिला आहे. एके काळी गावेच्या गावे ओस करणारा तो रोग भारतातून २००६ मध्ये आणि जगातून २०११ मध्ये संपला. त्यासाठी दशकानुदशके, साथ असो वा नसो, लस टोचली गेली. लम्पीवर तसा विजय लगेच मिळणार नाही, कारण त्याचा वाहक पंखांचा आहे आणि शेजारी राज्यांतही तो आहे. येत्या पावसाळ्याआधी किती वासरांच्या कानात बिल्ला आणि किती जणांच्या अंगात लस आहे, हा आकडा तालुकानिहाय मे महिन्यात जाहीर करणे मात्र पशुसंवर्धन विभागाला आजही शक्य आहे.